दुमानच्या अक्रोडाखाली

समरा खोऱ्यात आल्या आल्या हेमांगी बांदेकरला सगळ्यांनी एकच गोष्ट बजावली. वरच्या गावांत बिऱ्हाड करणार असाल तर मासे विसरा.

आता हेमांगी पडली वेंगुर्ल्याची. तिच्या घरी सोमवार आणि संकष्टी सोडली तर बाकीचे दिवस आज कुठला मासा मिळाला यावरूनच लक्षात राहत. तिने मान डोलावली खरी, पण थोडेच दिवस गेले आणि तळ्याकाठच्या बाजारातून तिने कागदात गुंडाळून एक ताजा, चांगला हातभर लांब मासा आणलाच. लपवून खोलीत न्यायचा बेत होता. घरमालकीण नेमकी दारात उभी.

तिचं नाव सेवदा. सगळं होरेत गाव तिला मेमा म्हणे, म्हणजे मावशी. सत्तरी गाठलेली, ठेंगणी, कमरेला कायम एक निळा पट्टा. तिला विधवा म्हणावं तर नवऱ्याचं प्रेत कधी सापडलं नव्हतं, आणि सधवा म्हणावं तर तो लढाईच्या पहिल्या हिवाळ्यात घराबाहेर पडला तो परत आलाच नव्हता.

मेमाने हवेत नाक वर केलं. "काय आहे ते?"

"चुकलं माझं, मेमा. नेऊन देते कुणाला तरी."

मेमाने दार लावलं. मग एकेक करून खिडक्या लावल्या, आणि हेमांगीच्या हातातलं पुडकं काढून घेतलं. सुरी शेपटीकडून डोक्याकडे सर्रकन फिरली, खवले उडाले, दोन बोटांत कल्ले निघाले. वेंगुर्ल्याच्या बाजारातल्या गाबीत बायका अशाच बघता बघता मासा साफ करून देतात. हेमांगी पाहतच राहिली.

"कुठे शिकलात हे?"

"शेजारीण होती एक. लढाईआधी," मेमा म्हणाली. "बघत काय बसलीस? कांदा चीर."

हेमांगीने आईने बांधून दिलेली तिरफळं आणि आमसुलं काढली. त्या दिवशी त्या बंद स्वयंपाकघरात जे कालवण झालं ते धड मालवणी नव्हतं आणि धड तिथलंही नव्हतं. तिरफळाने जिभेला मुंग्या आल्या तेव्हा मेमा तोंडावर हात ठेवून खुदुखुदु हसली. तेव्हापासून हेमांगी त्या घरातली भाडेकरू राहिली नाही. तिच्या कोटाचं बटण तुटलं की मेमा ते शिवून द्यायची, आणि तेही साध्या दोऱ्याने नाही, तर चांगल्या चिवट तंगुसाने, मासे धरायच्या जाळ्याच्या दोऱ्याने. मागच्या बाजूला आठच्या आकड्यासारखी एक गाठ मारायची, ती ओढून सुटत नसे.

मासे खायचे नाहीत यामागे चवीपेक्षा बरंच काही होतं. खोऱ्याच्या वरच्या उतारांवर तोरेन लोक राहत. ते मेंढपाळ, मटण आणि चीज खाणारे. खाली तळ्याभोवती आझिर. ते कोळी. खोऱ्याच्या दोन बाजूंना दोन देश. एक म्हणे, तोरेन आमचे म्हणून खोरं आमचं. दुसरा आझिरांच्या नावाने तेच म्हणे. एका पिढीपूर्वी त्यावरून लढाई झाली. शेजाऱ्याने शेजाऱ्याला घरातून बाहेर ओढलं, कित्येक माणसं नाहीशी झाली. त्यानंतर पुलावर परदेशी शांतिसैनिक उभे होते आणि खोरं कुणाचंच नव्हतं. वाटाघाटी सुरू व्हायच्या आणि एकाच प्रश्नावर मोडायच्या : आमची नाहीशी झालेली माणसं कुठे पुरलीत ते आधी सांगा.

ते सांगायला कुणीच तयार नव्हतं. म्हणून झाडांना विचारायचं ठरलं, आणि झाडांना विचारणं हे हेमांगीचं काम होतं.

तिच्या यंत्राला ती पर्णवाचक म्हणे. कल्पना तशी साधी. माणूस मातीत मिसळतो तेव्हा त्याच्या देहातलं नायट्रोजन आसपासची झाडं मुळांनी ओढून घेतात. एकदम एवढं खत मिळालेल्या झाडाचं पान वेगळं दिसतं. साध्या डोळ्यांना नाही, पण ड्रोनवरून लेसरचा झोत टाकला की हरितद्रव्यातून परत येणारा मंद उजेड किंचित निराळा असतो. मग त्या झाडाच्या खोडातून पेन्सिलीएवढी जाड लाकडाची कांडी काढायची. खोडात दर वर्षी एक वलय वाढतं, तेव्हा कुठल्या वर्षाच्या वलयात ते नायट्रोजन आलं हेही कळतं.

आणि मेंढी पुरली होती की माणूस, हेसुद्धा झाड सांगतं. नायट्रोजन दोन प्रकारचं असतं, एक नेहमीचं आणि एक किंचित जड. गवतात जड नायट्रोजन थोडं असतं, गवत खाणाऱ्या मेंढीत त्याहून जास्त, मेंढी खाणाऱ्या माणसात आणखी जास्त. पाण्यात तर छोट्याला मोठा आणि मोठ्याला त्याहून मोठा गिळत असतो, त्यामुळे मासे खाऊन वाढलेल्या माणसाच्या हाडामांसात ते सगळ्यांत जास्त.

पहिलं वर्ष फार चांगलं गेलं. झाडांखालून माणसं सापडत गेली, घरच्यांच्या रक्ताशी ताडून ओळख पटत गेली. ज्यांचं माणूस मिळे ते रडत आणि मग, हेमांगीला नवल वाटे, शांत झोपत. वाटाघाटीसुद्धा पुढे सरकल्या. दोन्ही शिष्टमंडळांनी एक सूत्र मान्य केलं : खोरं गावागणिक वाटायचं. ज्या गावात ज्यांची माणसं जास्त मारली गेली, ते गाव त्यांचं. हा न्याय आहे असं दोघांनाही वाटलं, कारण आपलेच जास्त मेले याबद्दल दोघांनाही खात्री होती.

अडचण अशी, की ज्यांचं कुणीच मागे उरलं नव्हतं, असे मृत तोरेन की आझिर हे कसं ठरवायचं? रक्तावरून कळत नव्हतं. एकाच खोऱ्यात शेकडो वर्षं राहिलेल्या दोन जमातींच्या जनुकांत सांगण्यासारखा फरकच नव्हता. तेव्हा तोरेन शिष्टमंडळाचा प्रमुख वोर्गान म्हणाला, "झाड सांगेल. आम्ही मासे खात नाही."

मध्यस्थ होते घानाचे क्वामे असारे. जगभरची भांडणं मिटवून केस पांढरे झालेले. त्यांनी हेमांगीला बोलावून विचारलं, "होईल हे?"

"होईल," हेमांगी म्हणाली. "पण सर, मेलेल्यांना मतदान करायला लावल्यासारखं होतंय."

"ठाऊक आहे. पण गेली कित्येक वर्षं हे लोक एका टेबलाशी बसत नव्हते. आता बसलेत."

हेमांगीने अहवालात एक रकाना वाढवला. खाली तळटीप घातली, की ही खूण आहाराची आहे, जन्माची नाही. पण तळटीप कोण वाचतं?

शेवटी घोडं अडलं दुमानवर. दुमान हे अगदी मधलं गाव, खोऱ्यातला एकमेव मोठा पूल तिथला. तिथे दोन्ही बाजूंचे मृत सारखे भरले होते. आणि अशात जुन्या पाणचक्कीजवळचा एक अक्रोड ड्रोनखाली उजळला.

खोदलं तेव्हा एकच माणूस निघाला. पुरुष, पन्नाशीच्या पुढचा असावा. कांडीचा निकाल आला, हाडांचाही आला. दोन्हींत जड नायट्रोजन भरपूर. रकान्यात नोंद झाली : आझिर. दुमान आझिरांचं झालं. पूल आझिरांचा झाला. वोर्गान त्या दिवशी जेवला नाही म्हणतात.

दुसऱ्या दिवशी खालून याशिल नावाचा म्हातारा आला. होड्या बांधणारा आझिर. त्याचा भाऊ रुशान लढाईत नाहीसा झालेला, शेवटचा दिसला तो याच पाणचक्कीपाशी. त्याने कापडी तंबूत ठेवलेल्या हाडांच्या पेटीवर हात ठेवला.

"आझिर आहे ना? मग आमचाच असणार."

"रक्त जुळायला हवं, आजोबा. हाडातून नमुना नीट निघायला थोडे दिवस लागतील."

"लागू देत. मी बसतो इथे." आणि तो पेटीशेजारी स्टूल ओढून खरंच बसला.

त्या दुपारी हेमांगी सोबत सापडलेल्या वस्तू साफ करत होती. मेंढीच्या कातड्याची बंडी घालून तो माणूस पुरला गेला होता. कातडं कुजून गेलं होतं, शिंगाची बटणं तेवढी उरली होती. तिने एक बटण ब्रशने स्वच्छ केलं आणि उलटं केलं. भोकांतून तंगूस ओवलेला होता. मागे आठच्या आकड्यासारखी गाठ.

हेमांगीने मान खाली घालून स्वतःच्या कोटाकडे पाहिलं. मग शेजारी स्टुलावर बसलेल्या याशिलकडे. आणि ती उठून बाहेर गेली.

मेमा अंगणात लोकर पिंजत होती. हेमांगीने ते बटण तिच्यासमोरच्या फळीवर ठेवलं. काय विचारावं हे वाटेत तिने चारपाच वेळा ठरवलं होतं. त्यातलं काहीच विचारावं लागलं नाही.

मेमाने बटण उचललं, उलटं केलं, गाठीवरून अंगठा फिरवला. बराच वेळ फिरवत राहिली.

"चिडायचा," ती म्हणाली. "म्हणायचा, साध्या दोऱ्याने शिव, कुणीतरी ओळखेल. मी म्हणायचे, साधा दोरा तुटतो." मग तिने विचारलं, "कुठे होता?"

"दुमानला. चक्कीजवळच्या अक्रोडाखाली."

"एवढ्या जवळ!" मेमा म्हणाली, आणि लोकरीत तोंड खुपसून रडली. हेमांगी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली.

मग हळूहळू तिने सगळं सांगितलं. ती आझिर होती. तळ्याकाठच्या कोळ्याची पोर, जाळी विणत वाढलेली. आर्देन लोकर विकायला खाली यायचा. घरचे तयार नव्हते, तेव्हा दोघांनी पळून लग्न केलं आणि होरेतला येऊन सांगितलं, की ही खिंडीपलीकडच्या दूरच्या तोरेन गावची आहे. तिने बोली बदलली, पेहराव बदलला. मासे मात्र तिला सुटले नाहीत. आर्देन खालून चोरून आणायचा, ती खिडक्या लावून शिजवायची.

"पहिल्यांदा त्याला ओकारी झाली," मेमा डोळे पुसत हसली. "नंतर मागून घ्यायला लागला. उभा जन्म माझ्या हातचे मासे खाल्ले त्याने. लढाई पेटली तेव्हा माझी आई खाली एकटी होती. तिला आणतो म्हणून गेला."

"कोणी मारलं असेल?"

"आझिरांना तो तोरेन दिसला असेल. तोरेनांना तो आझिरांकडे निघालेला दिसला असेल. ते काही झाडाला ठाऊक नसतं ना?"

"नाही," हेमांगी म्हणाली. तिच्या डोक्यात तो रकाना घुमत होता. आर्देन जन्माने पुरता तोरेन, आणि तिच्या यंत्राने त्याला आझिर ठरवलं होतं, कारण त्याचं बायकोवर प्रेम होतं आणि बायकोला मासे आवडत होते. असे आणखी किती? किती घरांच्या खिडक्या अशा लावलेल्या असतील?

"मेमा, तुमचं नाव मी कुठेही येऊ देणार नाही," ती म्हणाली. "गावाला कळलं तर तुम्हाला इथे राहणं कठीण होईल. मी त्यांच्या नोंदीत लिहीन, जमात अनिश्चित."

मेमा ताठ बसली. "अनिश्चित? मी त्याला सगळा जन्म जेवू घातलं आणि तू त्याला अनिश्चित लिहिणार?"

"तसं नाही..."

"माझा नवरा आहे तो. त्याला नाव आहे. कुठे बसतात तुझे ते मोठे लोक? मला घेऊन चल."

"पुन्हा एकदा विचार करा."

"इतकी वर्षं विचारच केला, पोरी. आता कंटाळा आला."

वाटाघाटी खोऱ्यातल्या एका जुन्या आरोग्यधामाच्या दिवाणखान्यात चालत. लांबलचक टेबल, एका बाजूला वोर्गान आणि त्याची माणसं, समोर आझिरांच्या प्रमुख इल्दाझबाई आणि त्यांची माणसं, टोकाला असारे. मेमा निळा पट्टा बांधून आत आली आणि उभ्यानेच सगळं सांगून मोकळी झाली. आर्देनचं नाव, बंडी, बटणं, तळं, मासे. काही गाळलं नाही.

मग वोर्गानच्या चेहऱ्यावर उजेड पडला. "म्हणजे मृत तोरेन आहे! दुमान आमचं."

"त्याची बायको आझिर, अन्न आझिरांचं," इल्दाझबाई उसळल्या. "सूत्रात खूण म्हटलंय, आणि खूण आमची."

"खूण? मेंढपाळाच्या बंडीत पुरलाय तो!"

"वोर्गान," मेमा म्हणाली.

वोर्गान होरेतचाच. त्याने मान वळवली.

"लहानपणी तू माझ्याकडे यायचास. वडे खायला. चार खाऊन पाचवा मागायचास."

"कोंबडीचे वडे," वोर्गान म्हणाला. "तुम्हीच म्हणायचात, मेमा, कोंबडीचे..." आणि तो थांबला. त्याचा चेहरा आधी पांढरा आणि मग लाल होत गेलेला सगळ्यांनी पाहिला.

"आमच्याकडे कोंबड्या कधी होत्या रे?"

टेबलाच्या दोन्ही बाजूंना कुणीतरी हसलं. त्या दिवाणखान्यात दोन्हीकडून एकाच वेळी हसू येण्याची ही पहिलीच खेप. इल्दाझबाईंनी हसता हसता मेमाला तळ्याकाठच्या बोलीत विचारलं, की तुम्ही कुठल्या घाटावरच्या? आणि मेमाने, लग्नानंतर तोंडातून कधीच न काढलेल्या त्या बोलीत, अडखळत उत्तर दिलं. शब्द जुने होते. आता तळ्यावरही कुणी तसं बोलत नाही.

"माझी आजी असं बोलायची," इल्दाझबाई म्हणाल्या, आणि त्यांनी मेमासाठी खुर्ची ओढली.

तेव्हा हेमांगी उभी राहिली. "हा रकाना मी मागे घेते आहे," ती म्हणाली. "झाडाला फक्त माणसाच्या ताटात काय होतं ते कळतं. ते कुणी वाढलं ते कळत नाही. ही गोष्ट मी तळटिपेत घातली होती, ती पहिल्या पानावर घालायला हवी होती. ज्यांची ओळख पटली नाही त्यातल्या एकाचीही जमात मी सांगू शकत नाही. आणि सांगता येत असती तरी आता सांगितली नसती."

"मग गावं वाटायची कशी?" वोर्गानने विचारलं. पण आवाजात आता जोर नव्हता.

असारे पुढे झुकले. ते म्हणाले, "तोच प्रश्न मला तुम्हा दोघांना विचारायचा आहे. वाटायचीच कशाला?"

लगेच काही झालं नाही. अशा गोष्टी लगेच होत नसतात. हिवाळा भांडणात गेला. पण मृतांच्या यादीतून जमात गेली आणि फक्त नाव आणि गाव उरलं, आणि एकदा ते गेल्यावर जुनं सूत्र कशावर उभं करायचं हे कुणालाच सुचेना. वसंतात करार झाला : पूल आणि दुमान दोघांच्या सामाईक समितीकडे, वरच्या शाळांत तळ्याची बोली आणि तळ्याच्या शाळांत वरची, आणि खोरं कुणाचं हे एक पिढी गेल्यावर खोऱ्यातल्याच लोकांनी मत देऊन ठरवायचं. दोन्ही देशांनी नाकं मुरडत सह्या केल्या.

होरेतमध्ये काहींनी मेमाकडे येणं सोडलं. कुणीतरी एकदा तिच्या दारात माशांची घाण ओतून गेलं. तिने ती फावड्याने उचलून परसातल्या भोपळ्यांना घातली. वोर्गानची आई तिची जन्माची मैत्रीण, ती मात्र पुन्हा बोलली नाही, आणि ते मेमाला फार लागलं. हेमांगीची बदली होणार होती. तिने अर्ज करून ती पुढे ढकलली. आईला फोनवर म्हणाली, "तिरफळं संपलीत, अजून पाठव."

आर्देनला दुमानमध्येच पुरायचं ठरलं. तिरडीला तीन खांदेकरी मिळाले : वोर्गान, असारे आणि गावचा पाववाला. चौथ्या जागेशी मेमा थांबली आणि तिने गर्दीच्या मागे पाहिलं. तिथे याशिल उभा होता, एकटाच. पेटीजवळ इतके दिवस बसून, ती आपली नाही हे ठरल्यावर त्यानेच ती उचलून मेमाच्या दारी आणून दिली होती.

मेमा त्याच्याकडे गेली. "माझा सापडला," ती म्हणाली. "तुमचा सापडेपर्यंत हा दोघांचा. या, खांदा द्या."

याशिल पुढे आला.

आठवड्याभराने हेमांगी नदीच्या पलीकडच्या काठावर ड्रोन उडवायला निघाली, तेव्हा तो तिच्यासोबत गेला. रुशान कुठल्या वाटेने गेला असेल ते दाखवत, थांबत, दम घेत. तो एका दगडावर बसला. मग म्हणाला, "बाई, एक सांगायचं राहिलं. माझा भाऊ मासे खायचा नाही."

हेमांगीने वर पाहिलं.

"कोळ्याच्या घरात जन्मून मासा तोंडाला लावत नसे. आई डोक्याला हात लावायची. वरच्या लोकांकडून चीज आणून खायचा. त्या पेटीतला माझा नाही हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण घरी न्यायला काहीतरी हवं होतं हो." त्याने डोळे पुसले. "मग आता तुमच्या यंत्राला तो ओळखू येईल ना?"

"येईल, आजोबा," हेमांगी म्हणाली, आणि तिने ड्रोन हवेत सोडला. "आम्ही आता फक्त माणूस शोधतोय."